खांबामागचा चौथा: ब्राँटी भावंडांवरच्या ५२ मिनिटांच्या माहितीपटाची आखणी

लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत साधारण ९० बाय ७५ सेंटिमीटरचं एक तैलचित्र आहे. त्यात एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज लेखिका, ब्राँटी बहिणी आहेत: डावीकडे ॲन, तिच्या शेजारी एमिली, मग एक फिकट खांब आणि उजवीकडे शार्लट. त्यांच्या भावाने, ब्रॅनवेलने, ते १८३४ च्या सुमारास काढलं. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. कॅनव्हासवर घड्यांच्या रेषा ठळक दिसतात. शार्लटचे पती आर्थर बेल निकल्स यांच्या आयर्लंडमधल्या घरी हे चित्र घडी घालून कपाटावर टाकून दिलेलं होतं. १९१४ मध्ये निकल्स यांच्या दुसऱ्या पत्नीला ते सापडलं.

खांबाच्या जागी आधी ब्रॅनवेल होता. त्याने स्वतःच स्वतःला पुसून टाकलं असं मानलं जातं. पण तेलरंग जुना होत जातो तसा पारदर्शक होतो, त्यामुळे आज खांबातून एका तरुणाची आकृती स्पष्ट दिसते. १८५३ मध्ये कादंबरीकार एलिझाबेथ गॅस्केलबाईंनी हे चित्र पाहिलं. चार वर्षांनी शार्लटचं चरित्र लिहिताना त्यांनी खांबाचा उल्लेख केला, खांबातल्या माणसाचा नाही.

या भावंडांवर तासाभराच्या स्लॉटसाठी, म्हणजे ५२ मिनिटांचा, मराठी निवेदनाचा माहितीपट आखायचा असेल तर मुख्य अडचण या एका चित्रातच दिसते. चार जणांची गोष्ट आहे, पुरावा मात्र बहुतेक एकीच्या हातून आलेला. पुढची सगळी चर्चा या प्रश्नाभोवतीच आहे.

कोण किती बोलतं

शार्लटची शेकडो पत्रं उपलब्ध आहेत. त्यातली बरीचशी शाळेतली मैत्रीण एलन नसी हिला लिहिलेली. एमिलीची पत्रं तीन, तीही त्रोटक. ॲनची पाच. एमिली आणि ॲन दर काही वर्षांनी एक छोटा कागद लिहून डब्यात ठेवत. १८३४, १८३७, १८४१ आणि १८४५ सालचे असे कागद सापडले आहेत. ब्रॅनवेलची मित्रांना, विशेषतः हॅलिफॅक्सचा शिल्पकार जे. बी. लेलँड याला लिहिलेली पत्रं आहेत आणि वर्तमानपत्रांत छापलेल्या कविता आहेत. चौघांत सर्वांत आधी छापून आला तो ब्रॅनवेल, १८४१ मध्ये. बहुतेक माहितीपटांत हे वाक्य ऐकू येत नाही.

एमिलीचा स्वभाव, तिचा एकांत, शेवटच्या दिवसांत डॉक्टरला दिलेला नकार, हे सगळं आपल्यापर्यंत शार्लटमार्फत पोहोचलं आहे. १८४५ च्या शरद ऋतूत एमिलीच्या कवितांची वही अचानक हाती लागली आणि मग पुस्तक काढायचं ठरलं, हा प्रसंग प्रत्येक पटकथेत असतोच. त्याचा आधार एकच: शार्लटने १८५० मध्ये लिहिलेली प्रस्तावना. तोवर एमिलीला जाऊन पावणेदोन वर्षं झाली होती, ॲनलाही वर्ष उलटून गेलं होतं. तिचं म्हणणं तपासायला दुसरा साक्षीदार उरला नव्हता. बहिणींनी एक ओळही छापली आहे याची ब्रॅनवेलला कल्पना नव्हती, हेही त्याच्या मृत्यूनंतर शार्लटनेच पत्रात लिहिलं आहे.

शार्लट खोटं बोलली असा याचा अर्थ नाही. ती दुःखात होती आणि ‘अडाणी, रांगडे’ म्हणून हिणवल्या गेलेल्या बहिणींची बाजू मांडत होती. पण तिच्या आवडीनिवडीचे परिणाम झाले. १८५० मध्ये एमिलीची ‘वदरिंग हाइट्स’ आणि ॲनची ‘ॲग्नेस ग्रे’ पुन्हा निघाली. ॲनची दुसरी कादंबरी ‘द टेनन्ट ऑफ वाइल्डफेल हॉल’ शार्लटच्या मते जपण्याजोगी नव्हती, ती वगळली गेली. दारूड्या नवऱ्याला सोडून मुलासह निघून जाणाऱ्या बाईची ती कादंबरी पुढे कित्येक दशकं कापाकापी केलेल्या रूपात वाचली गेली. ॲन ‘गरीब, शांत, धाकटी’ ठरली याचं हे एक मोठं कारण.

पडद्यावर यावर सोपा उपाय आहे. पत्रातली किंवा प्रस्तावनेतली ओळ वाचली जाते तेव्हा खालच्या कोपऱ्यात एक छोटी पट्टी द्यायची: कोणी लिहिलं, केव्हा आणि प्रसंगानंतर किती काळाने. ‘शार्लट, सप्टेंबर १८५०, पाच वर्षांनंतर’ एवढंच पुरे. पट्टी किमान चार सेकंद राहावी, निवेदनात तिचा उच्चार नसावा. दहाव्या मिनिटापर्यंत प्रेक्षकाला आपोआप कळू लागतं की बोलणारी बहुतेक वेळा एकच आहे. आवाजांतही फरक करावा. शार्लटच्या ओळी एका अभिनेत्रीने वाचाव्यात. एमिली-ॲनचे कागद दुसऱ्या, तरुण आवाजात, जसेच्या तसे वाचावेत. १८३४ च्या कागदात बटाटे सोलणं आहे, शार्लट सफरचंदाचं पुडिंग करणार आहे म्हणून सफरचंदं सोलणं आहे आणि त्याच दमात काल्पनिक गोंडाल देशाची खबरबात आहे. स्वयंपाकघर आणि कल्पनेतलं राज्य एकाच वाक्यात नांदत होतं. एमिलीला गूढ म्हणण्यापेक्षा हे ऐकवणं केव्हाही चांगलं.

काड्यापेटीएवढं पुस्तक कसं टिपायचं

जून १८२६ मध्ये वडील पॅट्रिक ब्राँटी यांनी लीड्सहून ब्रॅनवेलसाठी बारा लाकडी शिपाई आणले. मुलांनी शिपाई वाटून घेतले, त्यांना नावं दिली. त्यांतून आधी ग्लास टाऊन ही काल्पनिक दुनिया, पुढे शार्लट-ब्रॅनवेलचं अँग्रिया आणि एमिली-ॲनचं गोंडाल उभं राहिलं. शिपायांच्या मापाची पुस्तकंही मुलांनी हाताने केली, अक्षर छापील टायपासारखं कोरून.

१८३० मध्ये चौदा वर्षांच्या शार्लटने केलेला ‘यंग मेन्स मॅगझिन’चा एक अंक पाहा. आकार ३५ बाय ६१ मिलिमीटर, मजकूर चार हजारांहून अधिक शब्दांचा. नोव्हेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या लिलावात ब्राँटी सोसायटीने तो ६ लाख युरोंची बोली लावून घेतला. माहितीपटाचं सर्वांत मोलाचं दृश्य हेच आहे आणि सर्वाधिक वेळा बिघडतं तेही हेच.

पूर्ण पान फोरके (३८४० बाय २१६० पिक्सेलच्या) चौकटीत उभं बसवलं तर ६१ मिलिमीटरसाठी २१६० पिक्सेल मिळतात, म्हणजे मिलिमीटरला जेमतेम ३५. अक्षर एक मिलिमीटर उंच धरलं तर ते ३५ पिक्सेलचं होतं. प्रक्षेपण एचडी असेल तर १८ उरतात. घरच्या टीव्हीवर त्या मुंग्या दिसतात. मॅक्रो लेन्सने एकास एक प्रमाणात गेलं तर मिलिमीटरला शंभरावर पिक्सेल मिळतात आणि अक्षर वाचता येतं. पण जुन्या कागदावर संग्रहालयं साधारण ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू देत नाहीत. तेवढ्या उजेडात २५ फ्रेमला, मॅक्रोमध्ये वाया जाणारे दोन स्टॉप धरून, एफ ५.६ ला आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, तीस हजारांच्या घरात जातो. चित्रात रवा सांडल्यासारखा दाणा येतो.

म्हणून दोन कामं वेगळी करावीत. पुस्तकाचं ‘वस्तू’ म्हणून चित्रीकरण कॅमेऱ्याने करावं: संग्रहालयाच्या कर्मचाऱ्याच्या हातात, उशीवर, शेजारी मापाला एखादी ओळखीची चीज. वाचण्यासाठी मात्र संग्रहालयाकडून स्कॅन मागवावा. मागणीत रिझोल्युशन लिहायला विसरू नये. ३० मिलिमीटरची ओळ फोरके चौकट भरून दाखवायची तर इंचाला सुमारे ३२५० बिंदू लागतात, एचडीसाठी १६५० च्या आसपास. नेहमीचा ३०० किंवा ६०० बिंदूंचा स्कॅन आला तर एडिटमध्ये झूम करताच ओळ फुटते. तेव्हा पुन्हा परवानगी, पुन्हा शुल्क, पुन्हा वाट पाहणं. पहिल्याच पत्रात आकडा लिहिला की हा फेरा वाचतो.

हक्कांचंही तसंच. शार्लटला जाऊन पावणेदोनशे वर्षं होत आली म्हणून सगळं मुक्त आहे असं धरून चालू नये. ब्रिटिश कायद्यात लेखकाच्या हयातीत न छापलेला आणि १ ऑगस्ट १९८९ पर्यंतही अप्रकाशित राहिलेला मजकूर बहुतांशी २०३९ अखेरपर्यंत संरक्षित आहे. वापरायची प्रत्येक ओळ पहिल्यांदा कधी छापली गेली, याचा वेगळा तक्ता पहिल्या मसुद्यापासून ठेवावा. संपादकांनी अलीकडे केलेलं वाचन आणि टिपा यांचे हक्क आणखी वेगळे.

आजचं हॉवर्थ तेव्हाचं नाही

यॉर्कशरमधल्या हॉवर्थचं पार्सनेज, म्हणजे पाळकांचं घर, १७७८-७९ मध्ये बांधलेलं. ब्राँटी कुटुंब तिथे एप्रिल १८२० मध्ये आलं. १९२८ पासून ते संग्रहालय आहे. समोरून पाहताना उजव्या हाताला जो मोठा भाग पुढे आलेला दिसतो, तो १८७८ मध्ये पुढच्या पाळकांनी वाढवलेला. दफनभूमीतली गर्द झाडीही नंतरची. भावंडांच्या काळात घर उघड्या टेकाडावर उभं होतं, मध्ये फक्त थडग्यांचे दगड. शेजारचं चर्चसुद्धा त्यांचं नाही. जुना मनोरा सोडून बाकी सगळं पाडून १८७९-८१ मध्ये नव्याने बांधलं. झाडी आणि नवी बाजू दाखवत ‘याच घरात’ असं निवेदन दिलं की चित्र आणि शब्द यांची फारकत झालीच. २०१६ मध्ये बीबीसीने याच भावंडांवर नाट्यपट केला तेव्हा जवळच्या माळावर घराची प्रतिकृती उभारली, ती याचसाठी. माहितीपटाला तो खर्च परवडत नाही. कॅमेरा डावीकडे सरकवून उजवी बाजू चौकटीबाहेर ठेवावी, झाडांना पानं नसतील अशा महिन्यात यावं आणि एका ग्राफिक्स प्लेटवर नंतरची बांधकामं वेगळ्या रंगात एकदाच दाखवून मोकळं व्हावं.

टॉप विदेन्स ही माळावरची पडकी वास्तू हॉवर्थपासून पाचेक किलोमीटर चालत. ‘वदरिंग हाइट्स’चं घर म्हणून ती दाखवायचा मोह सर्वांना होतो. तिथल्या भिंतीवर ब्राँटी सोसायटीने १९६४ मध्ये पाटी लावली आहे. त्या घराचं कादंबरीतल्या घराशी काही साम्य नव्हतं, जागा तेवढी एमिलीच्या मनात असू शकेल, असं तीच सांगते. ती पाटीच दाखवावी. माळावरचं जांभळं झुडूप, हीदर, ऑगस्टमध्ये फुलतो आणि सप्टेंबरात ओसरू लागतो. तोच हवा असेल तर बिनपानांच्या झाडांचं घर आणि फुललेला माळ या दोन वेगळ्या फेऱ्या होतात, बजेटात तशाच लिहाव्यात. वाऱ्यामुळे माइकवर केसाळ आवरण नसेल तर ध्वनी पूर्ण वाया जातो. तज्ज्ञाची मुलाखत माळावर घेण्याचा हट्ट धरू नये, तिथून फक्त वाऱ्याचा दोन मिनिटांचा अखंड आवाज घेऊन यावं.

आरोग्याबद्दल एक चूक वारंवार होते. १८५० मध्ये सरकारी निरीक्षक बेंजामिन बॅबेज यांनी हॉवर्थची पाहणी केली. मृत्यूचं सरासरी वय २५.८ वर्षं, सहा वर्षांच्या आत मरणारी मुलं ४१.६ टक्के, असं त्यांनी नोंदवलं. यावरून ‘गावात लोक पंचविशीत मरत’ असं निवेदन लिहिलं जातं. सरासरी खाली ओढली ती बालमृत्यूंनी. मोठा झालेला माणूस म्हातारा होतच नसे असं नाही. पॅट्रिक ब्राँटी स्वतः त्याच घरात ८४ वर्षांचे होऊन गेले. त्यांच्या सहा मुलांची (या चौघांआधी लहानपणीच गेलेल्या मारिया आणि एलिझाबेथसह) मृत्यूवेळची वयं मात्र ११, १०, ३१, ३०, २९ आणि ३८. सरासरी काढली तर पंचवीसच्या जरा आतच येते. योगायोग आहे, पण पडद्यावर सहा आकडे शांतपणे एकाखाली एक आले तर वेगळ्या संगीताची गरज उरत नाही. दफनभूमीतून झिरपलेल्या पाण्याने भावंडं मेली, हेही म्हणू नये. एमिली आणि ॲन क्षयाने गेल्या, ब्रॅनवेलच्या बाबतीतही दारू आणि अफूच्या जोडीला क्षय मानला जातो, आणि क्षय पाण्यातून येत नाही.

मराठी निवेदनात काय अडतं

मे १८४६ मध्ये तिघींनी स्वखर्चाने कवितासंग्रह काढला, करर (शार्लट), एलिस (एमिली) आणि ॲक्टन (ॲन) बेल या नावांनी. वर्षभरात दोन प्रती खपल्या. ऑक्टोबर १८४७ मध्ये शार्लटची ‘जेन एअर’ आली आणि गाजली. डिसेंबरात बाकी दोघींच्या कादंबऱ्या दुसऱ्या प्रकाशकाकडून आल्या. बेल हे पुरुष की बायका, एक की तीन, यावर चर्चा रंगली. इंग्रजीत हे कोडं टिकवणं सोपं आहे. मराठीत क्रियापदच लिंग सांगून टाकतं. ‘करर बेल म्हणाला’ म्हटलं तर प्रेक्षकाला फसवल्यासारखं होतं, ‘म्हणाली’ म्हटलं तर कोडं संपलं.

यावर मराठीतच चांगली सोय आहे. आडनावापुढे ‘यांनी’ आणि ‘यांचं’ वापरावं: ‘करर बेल यांनी हस्तलिखित पाठवलं’, ‘एलिस बेल यांच्या कविता’. ‘ते’ आणि ‘त्या’ येईल अशी रचना टाळावी. मग जुलै १८४८ चा प्रसंग येतो. धाकट्या बहिणींच्या प्रकाशकाने सगळे बेल एकच असल्याचा गैरसमज अमेरिकेत पसरू दिला. आपण वेगवेगळ्या आहोत हे दाखवायला शार्लट आणि ॲन पावसात चालत कीथली स्टेशनवर गेल्या, रात्रीच्या गाडीने लंडनला पोहोचल्या आणि शनिवारी सकाळी कॉर्नहिलवर ‘जेन एअर’चे प्रकाशक स्मिथ, एल्डर यांच्या कचेरीत उभ्या राहिल्या. इथे निवेदकाने पहिल्यांदा ‘त्या’ म्हणावं. या एका सर्वनामासाठी आधीची वीस मिनिटं जपलेली असतात. एमिली घरीच होती. ‘आम्ही तिघी बहिणी’ असं शार्लटच्या तोंडून गेलं, ते एमिलीला अजिबात रुचलं नाही.

नात्यांचे शब्दही तपासावेत. आई गेल्यावर घर सांभाळणाऱ्या एलिझाबेथ ब्रॅनवेल आईच्या थोरल्या बहीण, म्हणजे मावशी. ‘आत्या’ म्हटलं की कुटुंबाची एक बाजूच बदलते. भावंडं एकमेकांना ‘तू’, एलनलाही ‘तू’. ब्रसेल्सच्या शाळेतले शिक्षक कॉन्स्टंटिन एजे यांना शार्लट ‘मस्यू’ म्हणते. ते ‘सर’ करू नये, ‘मस्यू’च ठेवावं आणि पुढे ‘तुम्ही’. १८४४-४५ मधली तिची चार पत्रं ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तीन फाडून टाकलेली होती, नंतर कोणीतरी दोऱ्याने शिवली. गॅस्केलबाईंनी ती पाहिली होती, पण त्यांतलं प्रेम चरित्रात येऊ दिलं नाही. एजे यांच्या मुलांनी १९१३ मध्ये ती देऊन टाकली. इथे निवेदन पूर्ण थांबवावं. कागद, टाके आणि एक आवाज, मिनिटभर.

निवेदनाचा हिशेब सांगायचा तर संथ मराठी वाचनाला मिनिटाला ११० शब्द धरावेत. निम्म्या वेळात बोलणं, निम्म्यात चित्र आणि ध्वनी, तर पत्रांसकट २८०० ते २९०० शब्द. पहिला मसुदा नेहमी पाच हजारांचा होतो. इंग्रजी बोलणाऱ्या तज्ज्ञांवर मराठी आवाज चढवण्यापेक्षा सबटायटल द्यावीत. दोन ओळी, ओळीत ३५ ते ४० अक्षरं. इंग्रजीचा टेम्प्लेट तसाच घेतला तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात, म्हणून ओळींमधलं अंतर आधी वाढवून घ्यावं.

लिहिणाऱ्या भावंडांची गोष्ट मराठी प्रेक्षकाला परकी नाही. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई: तिथे तीन भाऊ आणि एक बहीण, इथे तीन बहिणी आणि एक भाऊ. तुलना निवेदनात ओढून आणू नये, पण एक फरक संहिता लिहिणाऱ्याने मनात ठेवावा. त्या भावंडांचा शेवट बाहेरच्या माणसाने, नामदेवांनी गायला. इथे मागे उरलेल्या बहिणीनेच तो लिहिला.

मिनिटांची वाटणी

चित्र आणि खांब यांना सुरुवातीची तीन मिनिटं. बालपण आणि छोटी पुस्तकं यांना बारा द्यावीत. बहुतेक ठिकाणी ती पाचांत उरकतात आणि पुढे कादंबऱ्या आकाशातून पडल्यासारख्या वाटतात. कोवन ब्रिजची शाळा आणि १८२५ मधले मोठ्या दोघींचे, मारिया आणि एलिझाबेथचे मृत्यू याच बारांत. शिक्षकी, गव्हर्नेसची (श्रीमंतांच्या घरी राहून मुलांना शिकवण्याची) नोकरी, ब्रसेल्स मिळून दहा. बेल नावाखालची वर्षं बारा. २४ सप्टेंबर १८४८ ते २८ मे १८४९, म्हणजे ब्रॅनवेल ते ॲन, आठ महिने, यांना सात. उरलेली आठ शार्लटची: तिचा एकटेपणा, १८५४ चं लग्न, ३१ मार्च १८५५ चा मृत्यू, गॅस्केलबाईंचं चरित्र आणि बदनामीच्या दाव्याच्या भीतीने त्याच वर्षी काढावी लागलेली सुधारित तिसरी आवृत्ती.

ब्रॅनवेलला शेवटच्या तीन वर्षांतला दारूडा म्हणूनच दाखवलं जातं. बारा मिनिटांच्या बालपणात तो शार्लटच्या बरोबरीचा लेखक म्हणून दिसला असेल, तरच खांबाचं चित्र पुन्हा येतं तेव्हा काळीज हलतं. ते चित्र १८४८ च्या सप्टेंबरात एकदा, पाच सेकंद, पुन्हा दाखवावं.

शेवटचा शॉट हॉवर्थचा नसावा. बाकी सगळे तिथल्या चर्चखाली आहेत. ॲन एकटी स्कारबरोला, समुद्रावरच्या टेकडीवर. दगडावर तिचं वय २८ कोरलं होतं, होतं २९. तीन वर्षांनी शार्लट तिथे गेली, दगडावर तिला पाच चुका सापडल्या आणि तिने तो दुरुस्त करवून घेतला. वयाची चूक तरीही राहिली. २०११ मध्ये ब्राँटी सोसायटीने बरोबर वयाची नवी पाटी बसवली. दगड झिजलेला आहे, समोरच्या उजेडात काहीच वाचता येत नाही. ऊन दगडाच्या बाजूने तिरकं येईल तेवढा अर्धा तास साधावा, ट्रायपॉड खाली घ्यावा, आधी दगड, मग पाटी, दोन्ही पूर्ण वाचून होतील इतका वेळ धरून ठेवावेत. निवेदन नको, समुद्राचा आवाज तेवढा असू द्यावा.